पर्मनंट जावई

सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्या बोळात माग सुरू व्हायच्या आधी सोजरबाईचा खराटा सुरू व्हायचा. अंगात कॉर्पोरेशनचं केशरी जाकीट, पदर कानामागं खोचलेला आणि तोंडाचा पट्टा चालू. गुटख्याच्या पुड्या कुणी टाकल्या, शिळी आमटी गटारीत कुणी ओतली, याचा जाब ती बंद दारांना विचारत पुढं सरकायची. आतली माणसं ऐकतात हे तिला ठाऊक होतं आणि म्हणूनच ती बोलायची.

बोळाच्या शेवटी सुंदरम्मा ओट्यावर विड्या वळत बसलेली असायची. झाडून झालं की ती सोजरबाईपुढं चहाचा ग्लास सरकवायची.

"अक्का, तुमचं बरं हाय बघा," सुंदरम्मा त्या दिवशीही म्हणाली. "पाठ दुखली तर रजा. पगार काय चुकत नाही."

"पाट दुकली म्हनल्यावर मुकादम काय बोलतो ते ऐकायला ये एकदा," सोजरबाई म्हणाली. "पर व्हय, बरं हाय. खोटं कशाला बोलू."

दोघींनीही शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कष्टात डावंउजवं करायला जागा नव्हती. सुंदरम्माची बोटं विड्या वळून वाकडी झाली होती, सोजरबाईची कंबर वाकून वाकून धरली होती. पण एकीच्या कष्टाला सरकारी शिक्का होता आणि दुसरीच्या कष्टाला नव्हता. त्यामुळं सुंदरम्माला महिनाभर वळून जे मिळायचं ते सोजरबाईच्या आठवड्याच्या पगारापाशीही पोचत नव्हतं. सोजरबाईला मिळत होतं ते काही जास्त नव्हतं. दिवसभर राबणाऱ्या माणसाला तेवढं मिळायलाच हवं. बाकीच्यांना फार कमी मिळत होतं, खरं दुखणं तिथं होतं. पण त्या दुखण्याला हात घालायला कुणी तयार नाही, म्हणून ज्या एका ताटात भाकरी दिसते त्याच ताटावर सगळे तुटून पडतात.

आणि सोजरबाईच्या ताटावर तुटून पडायला बाहेरचं कुणी यावं लागलं नाही.

तिचा एकुलता एक मुलगा आदिनाथ बी.कॉम. झाला होता. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात तो पॅकिंगला जायचा. अंगठेबहाद्दर आईच्या निम्मासुद्धा पगार त्याला नव्हता आणि हे गल्लीत प्रत्येकाला माहीत होतं. त्याचा बायोडेटा मोबाइलवरून गावोगाव फिरला. फोन यायचे, गोडीनं बोलणं व्हायचं आणि मग समोरून एकच प्रश्न यायचा: मुलगा पर्मनंट आहे का? नाही म्हटलं की फोन थंड. आदिनाथच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते.

सफाई कामगारांच्या जागेला वारसा असतो. कामगार निवृत्त झाला, मधेच जागा सोडली, वारला किंवा डॉक्टरांनी त्याला कामाला अपात्र ठरवलं, तर घरातल्या एकाला ती जागा मिळते. ज्यांच्या बापजाद्यांना या झाडूपायी लोकांनी नळाला शिवू दिलं नाही, त्यांच्या पोरांना निदान पोटाची हमी असावी, या चांगल्या हेतूनं ही सोय झाली. पण लग्नाच्या बाजारानं तिचं काय केलं ते पाहा. पोराला स्थळ येईना की आई-बापाला म्हणायचं, जागा सोडा. सोडत नसतील तर 'अनफिट' व्हा. हा इंग्रजी शब्द त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही येतो. पलीकडच्या चाळीत एकानं बापाच्या छातीवर गुडघा रोवून त्याचा अंगठा कागदावर उमटवून घेतला होता. त्याच्या लग्नात गल्ली जेवली. मटण चांगलं झालं होतं म्हणतात.

अंकिताचं स्थळ आलं तेव्हा घरात दिवाळी झाली. उजनी धरणाच्या काठची मंडळी होती. वडिलांची केळीची बाग होती, पण शेतीला ते पुरते विटले होते. मुलगी बारावी शिकलेली, शांत, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी. सोजरबाई आत चहा गाळत होती. बाहेर तिचा नवरा आप्पा मांडी ठोकून बोलत होता.

"पोरगं पर्मनंट हाय का?" अंकिताच्या वडिलांनी विचारलं.

"हुईल की," आप्पा म्हणाला. "आईची जागा हाय कॉर्पोरेशनमदी. लग्नाच्या अदुगर पोराच्या नावावर हुईल बगा."

"मग आमचं काय म्हननं न्हाय."

झाडूचं नाव कुणी काढलं नाही. 'कॉर्पोरेशनमदी' म्हटलं की झाडू दिसत नाही. सुपारी फुटली, पेढे वाटले, अंकितानं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं. जिच्या जागेवर हे सगळं ठरलं, तिला कुणी विचारलं नव्हतं. ती गाळणं हातात धरून आतच उभी होती.

पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली.

"मला इचारलं का?"

"तुला काय इचारायचं?" आप्पा म्हणाला. "जागा घराची हाय."

"घराची न्हाय. हजेरीला नाव माजं पुकारत्यात."

"आई," आदिनाथ मऊ आवाजात म्हणाला, "किती दिवस कचरा भरशील? आता बस की निवांत. तुला काय कमी पडू देईन का मी?"

"तुज्या बापानंबी लग्नात असंच म्हनलं हुतं, बाळा. म्या जागा सोडनार न्हाय. अजून लई वरसं हायती माजी."

आप्पानं पेढ्यांचा बॉक्स तिच्या तोंडावर मारला. मग उठून एक लाथ कमरेत घातली. ती दाराच्या चौकटीवर आपटली आणि कपाळाला खोक पडली. कित्येक वर्षांनी नवऱ्याचा हात, की पाय म्हणू, तिच्या अंगाला लागला होता.

ही कित्येक वर्षं कशी गेली ते सांगायला हवं. लग्नानंतर आप्पा तिला रोज मारायचा. आमटीत मीठ कमी, मार. पाणी भरायला उशीर, मार. तिचा बाप सफाईत होता, तो वारला आणि त्याची जागा तिला मिळाली. पहिला पगार घरात आला त्या महिन्यापासून आप्पाचा हात आखडला. पुढं त्याचा माग बंद पडला आणि तो कायमचा घरी बसला, तेव्हा तर तो तिला "जेवलीस का" असं विचारायला शिकला. सोजरबाईला कुणी स्त्रीमुक्ती समजावून सांगितली नव्हती. पण ज्या दिवशी खराटा हातातून जाईल त्या दिवशी पाठीवरचा मार परत येईल, एवढं तिला पक्कं कळत होतं. आणि खोटं कशाला बोलू, मुकादमासमोर आपलं पूर्ण नाव ऐकायला तिला आवडायचं.

आप्पा दारू पीत नव्हता, हेही इथंच सांगून टाकते. नाहीतर वाचणारे सगळा दोष बाटलीवर ढकलून मोकळे होतील. तो माळकरी होता, सरळमार्गी होता, शेजाऱ्यांच्या अडीनडीला धावायचा.

पहिल्यांदा तिचं जेवण बंद झालं. ती सुंदरम्माकडं भाकरी खाऊन यायची. मग एका दुपारी बाप-लेकांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आणला. आप्पानं तिचा अंगठा शाईत दाबला, तेव्हा ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं कमरेचा पट्टा काढला आणि ती भिंतीशी मुटकुळं करून पडेपर्यंत मारलं. शेवटी अंगठा उमटलाच. पण दुसऱ्या दिवशी सोजरबाई तशीच सुजल्या तोंडानं ऑफिसात गेली आणि टेबलापुढं उभं राहून तिनं सांगितलं, की हा अंगठा जबरीनं घेतलाय. अर्ज फाडला गेला. मग आप्पानं तिला पाठदुखीचं निमित्त करून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि ते म्हणाले, या बाई तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत.

इकडं अंकिताच्या वडिलांचा फोन आला. जागेचं काय झालं? नसेल होत तर तसं सांगा, बार्शीकडचं एक स्थळ आहे, मुलगा एसटीत आहे.

फोन ठेवून आप्पानं दार लोटून घेतलं. मग तो हळूच म्हणाला, "हात गेला की झाडता येत न्हाय." आदिनाथनं मान वर केली नाही. पण "नको" असंही तो म्हणाला नाही. मला विचाराल तर सोजरबाईचा हात त्याच क्षणी मोडला.

पाण्याचा दिवस होता, काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी त्या दिवशी यायचं होतं. सोलापुरात पाण्याच्या दिवशी शेजारी कुणी गळा काढून रडलं तरी माणसं आधी पिंप भरतात. दुपारी पाणी आलं, बोळातल्या घराघरात मोटरी सुरू झाल्या आणि सगळीकडं नुसती घरघर माजली. सोजरबाई मोरीत वाकून घागर विसळत होती. आप्पानं मागून तिचा बुचडा धरला आणि तिला फरफटत स्वयंपाकाच्या खोलीत आणलं. घागर गडगडत दारापर्यंत गेली.

"आरं काय करताय, पानी जातंय," ती म्हणाली. तिला अजून पाण्याचीच काळजी होती.

आप्पानं तिला पालथं पाडून पाठीवर गुडघा दिला आणि तिचा उजवा हात ओढून पाट्यावर ठेवला. मनगट दोन्ही हातांनी दाबून धरलं. आदिनाथच्या हातात वरवंटा होता. ज्या वरवंट्यानं आईनं त्याला शेंगाचटणी वाटून घातली होती, तोच. आता तिला कळलं.

"आदी," ती म्हणाली. "आदी, म्या तुजी आई हाय की रं."

"मार," आप्पा म्हणाला.

पहिला घाव पाट्यावर पडला, तिनं हात ओढला होता म्हणून. दुसरा बोटांवर बसला. ती गुरासारखी ओरडली, पण बाहेर मोटरी ओरडत होत्या. तिसऱ्याला मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज आला आणि तो आवाज मोटरीच्या घरघरीतही खोलीत स्पष्ट ऐकू गेला. आप्पा थांबला नाही. "नीट मोड. जुळलं तर काय उपेग न्हाय," असं तो म्हणाला आणि आदिनाथनं पुन्हा वरवंटा उचलला. मारताना तो रडत होता. त्याच्या रडण्याचं मला कौतुक नाही.

सरकारी दवाखान्यात दोघांनी सांगितलं, की मोरीत घसरून पडली. डॉक्टरांनी सोजरबाईच्या पाठीवरचे पट्ट्याचे वळ पाहून तिला पुन्हा पुन्हा विचारलं, तरी ती छताकडं बघत पडून राहिली. तिला स्वतःच्या हाताचं दुःख होतं, पण त्याहून पोराची लाज वाटत होती. पोटच्या पोरानं हे केलं, हे सांगायला जीभ उचलत नव्हती.

गल्लीतली माणसं भेटायला आली. मुकादम गुरुशांत नारळपाणी घेऊन आला आणि बाहेर जाताना आदिनाथच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "वाईट झालं रे, पण आता अनफिटचं काम होतंय बघ तुझं." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गल्लीत एखाद्याचं काम झालं की असंच म्हणतात. सुंदरम्मानं तेवढा डोळ्याला पदर लावला आणि आप्पाकडं न बघता निघून गेली.

मग अंकिता आली, वडिलांबरोबर. होणाऱ्या सासूला बघायला म्हणून मोसंबी आणली होती. आदिनाथ एकेक फोड सोलून आईच्या तोंडाशी नेत होता आणि ती तोंड उघडत नव्हती. अंकिता खाटेच्या कडेला टेकली.

"कसं झालं ओ आत्या हे?"

"मोरीत पाय घसरला," आदिनाथ म्हणाला.

"मी आत्यास्नी इचारतीय."

सोजरबाईनं तिच्याकडं बघितलं. ही पोरगी त्या घरात येणार. त्याच मोरीत पाणी भरणार, त्याच पाट्यावर वाटण वाटणार. उद्या तिच्या बापाकडून काही हवं झालं तर? तोवर मिटलेली जीभ त्या विचारानं सुटली.

"ह्यानं मोडला," ती म्हणाली. "बापानं धरला आन् ह्यानं मोडला. तुमास्नी पर्मनंट जावई पायजे हुता न्हवं."

आदिनाथच्या हातातली फोड खाली पडली. आप्पा पुढं झाला, "डोक्यावर परिनाम झालाय तिच्या," म्हणाला. अंकिता आदिनाथकडं बघत होती. त्याला तिच्या डोळ्यांत बघता येईना, आणि तिला जे कळायचं ते तेवढ्यावरून कळलं.

तिचे वडील खाटेपासून मागं सरकले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरोखर घाम फुटला होता. पण मग त्यांनी पोरीला कोपऱ्यात नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जे झालं ते लई वंगाळ झालं. पर आता झालंय. जागा तर आता मिळनारच. सुपारी फुटलीया, चार लोकांत काय सांगायचं?"

"आण्णा, काय बोलताय तुमी?"

"तुज्या भल्याचंच बोलतुया."

"आमच्यापायी हात मोडलाय त्यांचा. तुमी इचारलं आन् मी मान हलवली. माजाबी वाटा हाय त्यात." ती दाराकडं निघाली. "खाली पोलीस चौकी हाय, तितं चाललीय मी."

वडिलांनी तिच्या थोबाडीत मारली. वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. आप्पानं धावत जाऊन दार अडवलं आणि तिचा दंड पिरगळला. तेव्हा शेजारच्या खाटेवरची एक बाई, अंगावर पिणाऱ्या पोरासकट, उठून उभी राहिली. मग तिची आई उठली. मग आणखी दोघीतिघी. त्या नुसत्या आप्पाभोवती येऊन उभ्या राहिल्या. आप्पानं दंड सोडला. अंकिता लाल झालेल्या गालानं जिना उतरली आणि हवालदाराला घेऊन वर आली. सोजरबाईनं सगळं सांगितलं, सांगताना एकदाही रडली नाही. बाप-लेकांना पोलीस घेऊन गेले तेव्हा मात्र तिनं उशीत तोंड खुपसलं.

प्लास्टर निघालं. हाड वेडंवाकडं जुळलं होतं आणि बोटं मिटत नव्हती. तपासणीच्या डॉक्टरांनी तिला खराटा धरायला सांगितला, तो दोनदा हातातून गळला. ती अपात्र ठरली. म्हणजे आप्पाला जे हवं होतं ते अगदी तसंच झालं होतं.

तो ऑफिसच्या व्हरांड्यात उभा होता. बाप-लेक जामिनावर सुटले होते. आदिनाथ लांब, खांबाआड उभा होता.

"एकच पोरगं हाय आपल्याला," आप्पा हात जोडून म्हणाला. "हात तर गेलाच तुजा. आता त्याचं तरी वाटोळं करू नगंस."

ती आत गेली. टेबलामागची बाई मायाळू होती, तिनं खुर्ची दिली.

"मावशी, मुलगा एकच ना? कोर्टाचं कोर्ट बघून घेईल. आत्ता वारस म्हणून नाव देऊन ठेवा, नाहीतर जागा वाया जाईल."

एवढी मोठी गोष्ट वाया घालवायची. म्हातारपणी हात चालत नाही, पोरगा रस्त्यावर येणार, आणि नुसतं एक नाव सांगितलं की हे सगळं टळत होतं. सोजरबाईच्या आतली आई त्या नावासाठी किती तळमळली असेल, ते आई झालेल्या बाईनंच ओळखावं. तिनं डाव्या हातानं न मिटणारा उजवा हात उचलून टेबलावर ठेवला.

"न्हाय," ती शेवटी म्हणाली. "माजा वारस कोन न्हाय. ल्ह्या तसं."

"अहो मावशी, जागा जाईल ना."

"जाऊ द्या. त्याला जागा मिळाली तर उद्या गल्लीतलं हरेक तरणं पोर आईच्या हाताकडं बगंल. हात मोडला की नोकरी मिळती, हे त्यास्नी दिसाया नगं."

बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि पोरगं जन्मल्यापासून कधी रडली नसेल इतकी रडली. खांबाआडून आदिनाथ तिच्याकडं दोन पावलं आला. तिनं डावा हात वर करून त्याला तिथंच थांबवलं.

आता ती सुंदरम्माच्या शेजारच्या खोलीत राहते. निम्म्या पगाराएवढ्या पेन्शनवर भागवते. डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली आहे, ती गोल होत नाही. तिच्या गल्लीत त्यानंतर 'अनफिट' हा शब्द लोक जरा दबक्या आवाजात काढतात, असं मला सुंदरम्मानं सांगितलं. एवढाच बदल झाला आहे आणि तो पुरेसा नाही, हे मलाही कळतं.

अंकितासाठी स्थळं येतच आहेत. गेल्या महिन्यात एक मोठं स्थळ आलं. मुलाचा मामा छाती काढून सांगत होता, मुलगा अमुक खात्यात लागलाय, पर्मनंट, वारसानं लागलाय. अंकिताचे वडील खूश झाले. पोहे घेऊन आलेली अंकिता ताटली हातात धरून तशीच उभी राहिली आणि तिनं मुलाला विचारलं:

"कुणाच्या जागेवर लागलात तुमी? आन् ते माणूस आता कसं हाय?"

मुलगा मामाकडं बघायला लागला. मामा पोह्यांकडं बघायला लागला. ते लग्न जमलं नाही आणि अंकिताला त्याचं काही वाटलं नाही. पण हा प्रश्न तिनं एकटीनं विचारून भागणार नाही. रविवारी वधूवर सूचकांची पानं चाळणाऱ्या, "मुलगा पर्मनंट आहे ना?" असं पहिल्या फोनला विचारणाऱ्या आपण सगळ्यांनी तो विचारायला हवा, आणि उत्तर येईपर्यंत पोह्यांना हात लावू नये.